टिबुकली दिसेना

५ जानेवारी

दुकानावर पाटी लागली. ‘एदेल्मिरा पाकोम्पिया, यंत्रावरचं भरतकाम’. अक्षरं मीच रंगवली, म्हणून शेवटची दोन जरा चेपली आहेत. आई म्हणते पाटी तिरकी आहे. पाटी सरळच आहे, भिंत तिरकी आहे, हे तिला सांगून दमले.

शाळेत असताना रोजनिशी लिहायचे. पुढे मेलितोनमामाच्या कारखान्यात लागले आणि बोटं सुईतून मोकळीच होईनात. आता यंत्र शिवतं आणि मी नुसती शेजारी बसते, तेव्हा म्हटलं पुन्हा सुरू करावं. मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. हातभरतकामात अख्ख्या पुनो शहरात त्याच्या तोडीचा माणूस नाही, आणि ही गोष्ट त्याच्याइतकी कुणालाच पक्की ठाऊक नाही. ऑक्टोबरात त्यानं गिऱ्हाइकांसमोर माझं यंत्रावरचं काम नखानं टोकरून पाहिलं आणि म्हणाला, "हे भरलेलं नाही, चिकटवलेलं आहे." मी सुई उशीत खोचली आणि घरी आले. तेव्हापासून तो आमच्याकडे आलेला नाही आणि मी त्याच्याकडे गेलेले नाही. मध्ये आई आहे, ती दोन्हीकडे जाते.

पहिलं काम मिळालंय आणि तेही साधंसुधं नाही. कांदेलारियामातेच्या उत्सवात मोरेनादा नाचणाऱ्या सेनोबियाबाईंच्या तुकडीच्या शाली. चोवीस बायका, चोवीस शाली. नक्षी दरवर्षी नवी हवी आणि उत्सवाच्या दिवशी तुकडी चौकात वळेपर्यंत ती कुणाच्या नजरेला पडता कामा नये, हा इथला रिवाज. मागे एकदा कुणीतरी फितूर झालं आणि एकाच रस्त्यावर दोन तुकड्या एकच मोर पाठीवर घेऊन आल्या. त्या मोरावरून दोन घरांत अजून बोलणं नाही. म्हणून सेनोबियाबाईंनी मातेच्या तसबिरीसमोर मेणबत्ती लावली, धरणीच्या नावानं बियरचे थेंब शिंपडले आणि माझ्याकडून वचन घेतलं. नक्षी कागदावर काढायची नाही, दुसरीकडे कुठे उतरवून ठेवायची नाही, आईलासुद्धा दाखवायची नाही. लॅपटॉपमध्ये राहील तेवढीच.

नक्षी माझी स्वतःची आहे. गुलाब, ड्रॅगन, कोंडोर सगळेच करतात. मी आपल्या तळ्यातली टिबुकली घेतली, जिला पंख असून उडता येत नाही. सेनोबियाबाईंनी पडद्यावरच्या पंखांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. आम्हीही उडत नाही. पाण्यावरून पळतो."

७ जानेवारी

पक्षी पूर्ण झाला. भोवतालच्या लव्हाळ्यांची किनार राहिली आहे. ती झाली की यंत्र चालू. यंत्र जुनं, दुसऱ्याच्या हातून आलेलं, स्वतःजवळ काही ठेवत नाही. लॅपटॉप तारेतून सांगेल तेवढंच करतं आणि बंद केलं की सगळं विसरतं. माणसांपेक्षा बरं.

संध्याकाळी आई तिचं स्वतःचं अवायो घेऊन आली, बाळ नाहीतर ओझं पाठीशी बांधायचं कापड, तिनं लग्नात पाठीवर बांधलेलं, लाल-हिरव्या पट्ट्यांचं. ते तिनं माझ्या कामाच्या टेबलावर पसरलं. कामाची जागा उघडी ठेवू नये म्हणे. एका कोपऱ्यात काहीतरी जाड शिवलंय. मी विचारलं तर म्हणाली, तिथं फाटलं होतं, ठिगळ आहे, आणि तो कोपरा लॅपटॉपखालीच राहू दे म्हणजे कापड सरकत नाही. मला काय, कापड तर कापड. जाताना तिनं त्या कोपऱ्यावरून हात फिरवला आणि ओठ हलवले. आई हल्ली सगळ्याच वस्तूंशी बोलते.

८ जानेवारी

लॅपटॉप मेला.

सकाळी चालू केला, क्षणभर उजेड आला आणि पडदा काळाठिक्कर. कडेचा छोटा दिवा मात्र हळूहळू लागतोय, विझतोय, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. बटण दाबलं की जागा होतो आणि लगेच पुन्हा झोपतो. बॅटरी काढून परत घातली. टीव्हीला जोडला, टीव्हीही काळा. थंडीनं असेल म्हणून स्वयंपाकघरात चुलीजवळ नेला, तर आई मागोमाग अवायो घेऊन धावत आली, ओटा तेलकट असतो म्हणाली. तिथेही तेच.

टिबुकली आत आहे. चोवीस बायकांची टिबुकली, आणि तिची दुसरी प्रत जगात कुठेही नाही, कारण मी वचनाची पक्की. उद्या हुलियाकाला जाते. तिथल्या बाजारात बिघडलेलं काहीही दुरुस्त होतं.

९ जानेवारी

लॅपटॉप अवायोत गुंडाळला, पाठीवर बांधला आणि मिनीबसमध्ये बसले. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, बाळ मुलगा की मुलगी. मी म्हटलं, अजून कळलं नाही, पडदा काळा आहे. तो पुढच्या थांब्यावर जागा बदलून बसला.

दुरुस्तीवाल्याचं नाव ग्रिमाल्दो. म्हणाला ठेवून जा, परवा ये. मी म्हटलं ठेवून जाणार नाही, माझ्यासमोर उघड. त्यात सोनं आहे का, त्यानं विचारलं. मी म्हटलं, सोन्याहून वाईट आहे. मग मी गाठ सोडली, लॅपटॉप त्याच्या काचेच्या टेबलावर ठेवला, बटण दाबलं, आणि तो मेला उजेड फेकत उठला की. माझी टिबुकली लख्ख समोर. मी झडप घालून पडद्यावर शाल टाकली.

ग्रिमाल्दो पोट धरून हसला. "बाई, याला काही झालेलं नाही. याला फिरायला जायचं होतं." मग जरा शहाण्यासारखं म्हणाला, चालू आहे तोवर एक प्रत काढून घ्या. पेनड्राइव्ह हातात घेऊन उभा होता. मी नाही म्हटलं. वचन म्हणजे वचन. येताना अर्ध्या वाटेत वाटलं, वचन घेताना सेनोबियाबाईंना तरी कुठे ठाऊक होतं की लॅपटॉप असा मरतो. पण तोवर मिनीबस पुढे आली होती.

घरी येऊन टेबलावर अवायो पसरलं, वर लॅपटॉप ठेवला. काळा.

१० जानेवारी, रविवार

आईनं पेस्के केलं, दाटसर किन्वा, दूध, वर चीज. नेहमीप्रमाणे तिघांचं. ऑक्टोबरापासून दर रविवारी मी सांगते की आपण दोघीच आहोत, आणि दर रविवारी पातेलं अर्धं उरतं. ती म्हणते, हाताला सवय आहे.

एक चमत्कारिक गोष्ट. पाटी सरळ झाली आहे. खाली घडी घातलेला मखमलीचा तुकडा खोचलाय, वाइनच्या रंगाचा, भिंतीचा तिरकेपणा बरोबर झाकेल इतक्या मापाचा. आईला म्हटलं, छान केलंस. ती म्हणाली, मी कुठे काय केलं. आता शिडीवर चढल्याचं कबूल केलं तर मी ओरडेन म्हणून नाकबूल.

१२ जानेवारी

आज पुनोतलाच एक दुरुस्तीवाला गाठला, बंदराजवळचा. काटेकोर माणूस, चष्मा कपाळावर. त्याच्याही टेबलावर लॅपटॉप मुकाट्यानं चालू झाला. मी सांगितलं, याच्या थापांना भुलू नका, घरी गेला की झोपतो. त्यानं तो उघडला. मी मांडीला मांडी लावून शेजारी बसले, एक हात लॅपटॉपवर. तो म्हणाला, "ताई, हात काढलात तर मला स्क्रू दिसेल." मी अंगठा तेवढा हलवला.

पडद्याकडे जाणारी पट्टी त्यानं बदलली. बदलता बदलता न विचारता शिकवतही होता. म्हणे झाकणात एक बारकं चुंबक असतं, झाकण लावलं की ते खालच्या कडेजवळ येतं आणि लॅपटॉपला कळतं की आता झोपायचं. फ्रिजचं दार जसं चिकटतं तसं. मी म्हटलं, मला फ्रिज नको, टिबुकली हवी. तो म्हणाला कसली टिबुकली. मी तोंडावर हात ठेवला.

घरी आले. नवी पट्टी, जुनाच अंधार. ग्रिमाल्दो म्हणाला होता तसं त्याला खरंच फक्त फिरायला जायचं असतं की काय.

१४ जानेवारी

सुया हरवतात. डबीत मोजून ठेवाव्यात तर दोन कमी. मग सापडतात कुठे, तर टेबलावर, अवायोच्या त्याच जाड कोपऱ्याला टोचून बसल्यासारख्या. काल कात्री तिथून उचलताना कापड सोबत वर आलं. आईला सांगितलं, तुझ्या ठिगळाचे दोरे सुटलेत, सगळं त्यात अडकतं. ती म्हणाली हात लावू नकोस, मी बघते. बघते कसली, सकाळी तिला तिथे चिमूटभर लोखंडाचा कीस टाकताना पाहिलं. विचारलं तर म्हणाली मुंग्यांसाठी.

मला आता वाटायला लागलंय की कुणीतरी आपल्यावर जळतंय. हे लिहायला लाज वाटते, मी यंत्रावर काम करणारी बाई, पण वाटतं ते वाटतं. लॅपटॉप बाहेर धडधाकट आणि माझ्या उंबऱ्याच्या आत मुडदा, याला दुसरं काय म्हणायचं? आणि या गावात माझं यंत्र बंद पडलं तर कुणाला बरं वाटेल, हे शेंबडं पोरही सांगेल. आज आईनं कारखान्यातून चांदीच्या जरीची एक रीळ आणली. मामा म्हणाला म्हणे, पडून आहे, एदेला लागेल. मी ती वरच्या फळीवर टाकून दिली. माझ्या कामाला त्याची जर लागत नाही. जेवते का नीट, असंही विचारत होता म्हणे. बंद पडलं का नीट, हे विचारायचं असेल.

१६ जानेवारी

सेनोबियाबाई आल्या. उंच टोपी, दोन वेण्या, हातात छत्री. पहिली शाल बघायला. मी थापा मारायचं ठरवून बसले होते आणि त्यांचा चेहरा बघितल्यावर सगळं खरं सांगून टाकलं.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या की तुकडीत बावीस वर्षांची पोरगी आहे आणि सत्तरीच्या दोन आहेत, त्या दोघींचं हे शेवटचं नाचणं, गुडघे आता साथ देत नाहीत. गेल्या वर्षीच्याच शाली घालून निघालो तर दुसरी तुकडी रस्त्यात गाणं करेल आमच्यावर. मग उठल्या. "तू लहान असताना आईच्या पाठीवरून माझा नाच बघायचीस. म्हणून तुला काम दिलं, यंत्रासाठी नाही. माझं नाक कापू नकोस."

त्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग तोंड धुतलं. ही ऑर्डर गेली तर पाटी उतरवायची आणि मामाकडे जाऊन पुन्हा उशीतली सुई काढायची. ते मी करणार नाही. लॅपटॉप उठो की न उठो, चोवीस टिबुकल्या रस्त्यावर उतरणार.

१७ जानेवारी, रविवार

ठरवलं. हातानं करायच्या.

पक्षी माझ्या डोक्यात आहे, तो कुणी काळा करू शकत नाही. लॅपटॉप झाकण लावून भिंतीकडे सरकवला, टेबलावर शाल अंथरली आणि खडूनं काढायला बसले. मान चुकली. पुसली. पंख चुकले. पुसले. चौथ्या खेपेला ती माझ्याकडे बघायला लागली.

पण एक शाल हातानं भरायला मला चांगला आठवडा लागेल आणि उत्सव तर आलाच. एकटीचं काम नाही. कारखान्यातल्या पोरींना बोलवावं तर दुसऱ्या दिवशी गुपित मासळीबाजारात. हात लवकर चालेल आणि तोंड मिटलेलं राहील असा माणूस मला सबंध पुनोत एकच माहीत आहे. त्याचं नाव लिहायला पेन जड झालंय.

आजही पेस्के उरलं.

१८ जानेवारी

आधी सेनोबियाबाईंची परवानगी घेतली. वचन मोडायचं तर विचारून मोडावं. नाव ऐकून त्या हसल्याच. "मेलितोन? माझ्या लग्नाच्या घागऱ्याचं माप त्याला ठाऊक आहे. आजवर बोललाय का कुठे?"

मग कारखान्यात गेले. दारात पाय अडखळला. तो खिडकीपाशी बसला होता, मांडीवर कुणाचातरी ड्रॅगन, शेजारी वाइनच्या रंगाच्या मखमलीचा तागा. ही मखमल हल्ली सगळ्यांकडेच दिसते. त्यानं मान वर केली नाही. पायानं स्टूल माझ्याकडे ढकललं. मी सगळं सांगितलं, खाली बघून. त्याला हसायला पुरेसं होतं. तो हसला नाही.

"दाखव," म्हणाला.

मी काळ्या कापडावर खडूनं टिबुकली काढली. त्यानं चष्मा लावला. तोंडातला दोरा काढला. म्हणाला, "मान आखूड केलीस. ती पळताना मान पुढे काढते. तू तळ्यावर कधी गेलीस शेवटची?" मी म्हटलं, लहानपणी, तुमच्याबरोबर. तो म्हणाला, "मग बरोबर आहे. तेव्हा तुला मानेपर्यंत दिसायचं नाही, लव्हाळी उंच होती."

येतो म्हणाला. पण इथे नाही, इथे दहा डोळे आहेत. तुझ्याकडे बसू. मी आईला सांगितलं तेव्हा ती लसूण सोलत होती. सोलायची थांबली. मग इतकंच म्हणाली, "किन्वा संपलाय. आणायला हवा."

२० जानेवारी

मामा आला. ऑक्टोबरानंतर पहिल्यांदा उंबरा ओलांडला. पाटीकडे बघून घसा खाकरला आणि म्हणाला, आता बरी बसलीय. आई किन्वा आणायला बाजारात गेली होती.

तो टेबलाशी बसला, सुया काढल्या, अवायोवर ओळीनं मांडल्या. सुया गेल्या. म्हणजे हलल्या, सरकल्या आणि त्या जाड कोपऱ्याकडे जाऊन उभ्या राहिल्या. मामा बघतच राहिला. मी म्हटलं, आईचं ठिगळ आहे, दोरे सुटलेत. तो म्हणाला, "पोरी, दोरे सुया धरतात, ओढत नाहीत." मी अवायो उचललं, दारात नेऊन झटकलं. एकही सुई पडली नाही.

मग टाके उसवले. आत लाल कापडाची पुरचुंडी, तिच्यात काळा दगड, अंगावर लोखंडाचा कीस लव आल्यासारखा. ओढदगड. बाजारात औषधी विकणाऱ्या बायका हवं ते ओढून आणायला देतात तो, त्याला लोखंडाचा कीस खाऊ घालायचा असतो म्हणे. पण पूर्वीचे दगड बिचारे टाचणीही जेमतेम धरायचे. हा नव्या जातीचा, कुठल्याशा मोठ्या स्पीकरमधला असावा, वर काळा रंग दिलेला. माझ्या हातातली कात्री त्यानं हिसकावून घेतली.

आणि मला बंदराजवळचा तो चष्मेवाला आठवला. झाकणातलं चुंबक. फ्रिजचं दार. मी त्याला म्हटलं होतं, मला फ्रिज नको. माझ्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. दगड घेऊन अंगणाच्या टोकाला गेले, पाण्याच्या हौदावर ठेवला, परत आले. लॅपटॉप उघड्या लाकडावर ठेवला, झाकण उघडलं, बटण दाबलं.

टिबुकली समोर उभी राहिली. इतके दिवस बिचारी जागीच होती. दगडामुळे लॅपटॉपला वाटत होतं झाकण लागलंय. मी खाली बसले, जमिनीवरच, आणि हसू आवरेना.

मामा मात्र हसत नव्हता. त्याच्या हातात ती लाल पुरचुंडी होती. तिच्यात दगडाबरोबर दोन दोरे निघाले, एकमेकांना पीळ घालून गाठ मारलेले. एक त्याच्या कारखान्यातलं रेशीम, लाल, आणि एक माझ्या यंत्राचा निळा. बायका असंच काहीतरी बांधून देत असतील. तो दोऱ्यांकडे बघत राहिला, मग खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं. या उंचीवर त्याला नेहमीच सर्दी होते, जन्म इथलाच असून.

मी म्हटलं, आईला चांगली ऐकवते. गिऱ्हाईक ओढायला दगड आणला आणि हातातलं काम घालवत होती. मामा म्हणाला, "काही ऐकवायचं नाही. होता तसा शिवून टाक. कापड माझ्या खुर्चीवर घाल, मला पाठीला ऊब लागते."

आई आली तेव्हा मी शिवत होते, मामा लॅपटॉपसमोर बसला होता. पडद्याला नाक लावून टिबुकलीची मान मोजत होता. आईनं पिशवी खाली ठेवली आणि दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग पातेलं चढवलं.

२७ जानेवारी

यंत्र दिवसभर चालतं. किनार झाली. मान मी लांब केली, तीनदा, कारण त्याला पटेना. त्याला पडद्यावर बोट ठेवून सांगायची सवय लागली आहे. पडद्याला बोटांचे डाग पडलेत. मी पुसते, तो पुन्हा ठेवतो.

डोळा मात्र यंत्राला द्यायचा नाही, हे त्यानं बजावलं. प्रत्येक शाल यंत्रावरून उतरली की तो मांडीवर घेतो आणि चांदीच्या जरीनं, फळीवरून मीच ती रीळ उतरवून दिली, डोळा भरतो. काल मी एक हातानं केलेला आणि एक यंत्रानं केलेला डोळा शेजारी ठेवून पाहिला. यंत्राचा बघत नाही. त्याला हे सांगितलं नाही, आधीच त्याचं डोकं आभाळाला लागलंय.

मी विचारलं, बाकीचं पण चिकटवलेलंच वाटतं का. तो जर तोडत होता. म्हणाला, "माझे डोळे आता इतकंच भरू शकतात, एदे. एक डोळा पुरे. बाकीचं तुझं यंत्र करतंय ते बरं करतंय. ऑक्टोबरात मला भीती वाटली होती. त्या भीतीपोटी बोललो."

मी उठून त्याच्यासाठी मुन्याचा, आमच्या डोंगरी पुदिन्याचा, चहा केला.

उत्सवाचा रविवार

तुकडी चौकात वळली. वाद्यं, घागरे, आणि चोवीस पाठींवर चोवीस टिबुकल्या मान पुढे काढून पळत होत्या. मग एका म्हातारीनं ओळखलं आणि गर्दीतून नाव फुटलं, आणि सगळा रस्ता आपल्या तळ्यातल्या त्या न उडणाऱ्या पक्ष्याचं नाव घेऊ लागला. सत्तरीच्या दोघी पुढे होत्या. गुडघे दिसले नाहीत. सेनोबियाबाई आमच्यासमोरून गेल्या तेव्हा बघितलंसुद्धा नाही. नाचणाऱ्या बाईनं शिंप्याकडे बघायचं नसतं. पण खांदा एकदा जास्तीचा हलला, तो माझ्यासाठी होता.

घरी आलो. पेस्के खाल्लं. मामा अवायो पाठीशी घेऊन खुर्चीतच झोपला, तोंड उघडं. मला राहवेना. आईला हळू आवाजात सगळं सांगून टाकलं, तिचा दगड लॅपटॉपला कसा झोपवत होता, मी दोन गावं कशी पालथी घातली. म्हटलं, पुढच्या वेळी गिऱ्हाईक ओढायचं असेल तर दगड दाराशी ठेव, माझ्या टेबलावर नको.

ती भांडी आवरत होती. "गिऱ्हाईक?" म्हणाली. "गिऱ्हाईक तुझं तू आणशील. मी त्याच्याकडे माझा भाऊ मागितला होता. या घरात, तुझ्याशेजारी बसलेला."

मी मामाकडे पाहिलं. तो घोरत होता. लॅपटॉप बंद पडला नसता तर मी त्याच्या दारात पाय ठेवला नसता, हे मला ठाऊक आहे आणि आईलाही.

पातेलं मी घासलं. खाली काही उरलं नव्हतं.